चढावरची टकटक

सोमवार, ४ फेब्रुवारी

ही वही गाडीची आहे, माझी नाही. कानसेननं सांगितलं म्हणून लिहितो आहे.

कानसेन म्हणजे आमचा मेकॅनिक. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटतो, म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणतात. आज पंधरा मिनिटं त्यानं आमच्या गाडीचं ऐकून घेतलं. मग डोळे उघडून म्हणाला, "साहेब, मला तर काहीच ऐकू येत नाही. तुम्हाला कधी येतो आवाज?"

"पाय दाबला की. चढावर तर हमखास. बरणीत खडे घालून कुणी हलवावी, तसा."

"किती वेगाला? कुठल्या गिअरला? इंजिन तापल्यावर, की गार असताना?"

एकाही प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. बत्तीस वर्षं वजनमापे खात्यात दुसऱ्यांचे काटे तपासणाऱ्या माणसाला स्वतःच्या गाडीचा वेग सांगता येऊ नये, ही शरमेची गोष्ट आहे.

"लिहून ठेवा," तो म्हणाला. "रोजचं. गाडीत जे जे वेगळं वाटेल ते सगळं."

तर सगळं लिहिणार.

मुदत बुधवार, २० तारखेपर्यंत. हिची थोरली बहीण, ताई, घाटापलीकडे एकटी राहते. एकवीसला इथल्या इस्पितळात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. आदल्या दिवशी जाऊन तिला घेऊन यायचं मी कबूल केलं आहे. "आवाज गेला की अगदी नक्की," असंही म्हटलं आहे. त्यावर ही "बरं" म्हणाली. हिचं "बरं" हे फार लवचिक माप आहे. त्यात काय काय मावतं, ते मला लग्नाला चौतीस वर्षं होऊनही कळलेलं नाही.

बुधवार, ६ फेब्रुवारी

निरीक्षण पहिलं. पोस्टापुढचा चढ, वेग अडतीस, गिअर पाचवा, इंजिन तापलेलं. आवाज आहे.

निरीक्षण दुसरं. सपाट रस्ता, वेग पस्तीस, गिअर पाचवा. पाय दाबला. आवाज आहे, पण जरा दबक्या सुरात.

निरीक्षण तिसरं. उतार. आवाज नाही. उतारावर कुणाचीच तक्रार नसते.

पाचवा का, असं उद्या कुणी विचारील म्हणून लिहून ठेवतो. गिअर जितका वरचा तितका इंजिनाला आराम आणि पेट्रोलची बचत. घरापासून किराणा दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत मी पाचव्यात पोचलेला असतो आणि परत घरी येईपर्यंत शक्यतो तिथून हलत नाही. गिअरशी सारखा चाळा करणारे लोक मला अस्थिर वाटतात.

ही शेजारी बसली होती. चढावर म्हणाली, "अहो, चौथ्यात घेऊन बघा ना. नाहीतर तिसऱ्यात."

हिला गिअरांची नावं माहीत आहेत, हेच मला नवीन होतं. "तुला गं त्यातलं काय कळतं?"

"मला मेलीला काय कळणार," म्हणाली आणि खिडकीबाहेर बघून हसली. बाहेर हसण्यासारखं काही नव्हतं. मी पाहिलं.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

कानसेनचा सल्ला: आधी साध्या गोष्टी बघाव्यात. बऱ्याचदा डिकीतला जॅकच सुटा असतो आणि माणूस इंजिन उघडून बसतो.

डिकी रिकामी केली. जॅक खरंच सुटा निघाला. शिवाय एक मोडकी छत्री, दोन रिकाम्या बाटल्या आणि स्टेपनीखाली, फडक्यात नीट गुंडाळून ठेवलेल्या, लाल अक्षरातल्या दोन 'एल' पाट्या. शिकाऊ लोक गाडीला लावतात तसल्या. आधीच्या मालकाच्या असणार. म्हणजे निदान अकरा वर्षांपूर्वीच्या. तरी कोऱ्या करकरीत! जुन्या वस्तूंचा दर्जाच वेगळा.

हिला दाखवल्या. "असू द्या तिथेच," ती म्हणाली. "लागतील कुणाला तरी." काहीही टाकून द्यायचं नाही, ही हिची जुनी खोड.

जॅक दोरीनं आवळून बांधला. पोस्टाच्या चढावर गेलो. आवाज जसाच्या तसा.

शनिवार, ९ फेब्रुवारी

'वेगळं वाटेल ते' या सदरात आजच्या नोंदी. मी रोज सकाळी सहा ते आठ फिरायला जातो. परतल्यावर गाडी तपासायची, असं आठवडाभर ठरवून केलं. निष्कर्ष असे:

सीट रोज चार बोटं पुढे सरकलेली सापडते. मी मागे करतो, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पुढे. मधला आरसा खाली झुकलेला असतो. ही दोन्ही कामं कंपनाची. टकटकीनं खिळे ढिले होत असणार.

बॉनेट कोमट लागतं. गाडी सावलीत असते, तरीही. पत्र्यात ऊब दडून राहते, हे आम्ही शाळेत शिकलो होतो.

सगळ्यांत गंभीर बाब मीटरची. काल संध्याकाळी आकडा लिहून ठेवला होता. आज सकाळी बघतो तर चौदा किलोमीटर जास्त! गाडी जागची हललेली नाही. तेव्हा हा सरळसरळ मापकदोष आहे. काटे खोटं बोलतात, हे मी नोकरीत हजारदा पाहिलं आहे. पण उभ्या उभ्या चौदा किलोमीटर चालणारं मीटर प्रथमच पाहिलं.

या नोंदी कानसेनला वाचून दाखवल्या. त्यानं फार गंभीरपणे ऐकून घेतलं.

"होतं असं, साहेब," तो म्हणाला. "जुन्या मीटरला कधी कधी पाय फुटतात."

मग तोंडाला फडकं लावून तो बॉनेटमागे बराच वेळ वाकून राहिला. खांदे हलत होते. त्याचा खोकला जुना दिसतो. त्याच्या बायकोला सांगायला हवं. ती ड्रायव्हिंग क्लास चालवते आणि हल्ली हिच्याकडे सारखी येते-जाते. दोघींचं एवढं काय जमतं, देव जाणे. मी खोलीत शिरलो की गप्प होतात.

सोमवार, ११ फेब्रुवारी

समोरचे वकील जिन्यात भेटले. वकिलांकडे गाडी नाही, पण मतं आहेत.

"टकटक? जोर लावल्यावर?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "संपलं. कनेक्टिंग रॉड. आज ना उद्या दांडा इंजिन फोडून बाहेर येणार. माझ्या एका अशिलाच्या मेव्हण्याचं अगदी हेच झालं. भर घाटात!"

"मग आता?"

"आता काय? घाटाचं नावच काढू नका."

हे ऐकून माझं मन एकदम हलकं झालं. का झालं, ते कळेना. एवढी वाईट बातमी ऐकून जिना चढताना मी चक्क शीळ घालत होतो.

हिला सांगितलं. ती गॅसजवळ उभी होती. वळून न बघता म्हणाली, "वकिलांना विचारण्यापेक्षा कानसेनला विचारा."

विचारलं. कानसेननं गाडी जागेवरच रेस करून दाखवली. इंजिन नुसतं गुरगुरलं. "रॉड गेला असता तर आता ठोकलं असतं, साहेब. हा आवाज ओझं ओढतानाच येतोय." मग त्यानं प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवले. चुलीत पडल्यासारखे काळेठिक्कर. "आत काजळी बसलीय. गाडी कधी मोकळी पळवता की नाही?"

"मी गाडी पळवत नाही. चालवतो."

"तेच," तो म्हणाला आणि इंजिन साफ करायला गाडी ठेवून घेतली. "उद्या सकाळी वहिनी... म्हणजे, उद्या सकाळी साडेदहाला मिळेल."

मंगळवार, १२ फेब्रुवारी

गाडी आली. आवाज निम्म्याहून कमी झाला, पण गेला नाही. पोस्टाच्या चढावर आहेच.

बाकी विशेष काही नाही. ही दुपारभर बाहेर होती, कानसेनच्या बायकोबरोबर कुठल्याशा कार्यालयात काम होतं म्हणे. परतली ती गुणगुणत. आल्या आल्या मला विनाकारण चहा दिला, पुन्हा तासाभरानं दिला. मग आरशापुढे उभी राहून पर्समधून काहीतरी काढून बघत होती. मी विचारलं तर म्हणाली, "माझा फोटो. बरा आलाय."

या वयात बायकांना असे छंद लागतात.

बुधवार, १३ फेब्रुवारी

डिकीतल्या पाट्या गायब. हिनं सांगितलं, एका गरजूला दिल्या. मीटर आज एकवीस किलोमीटर चाललं.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

आज मोठा प्रयोग केला.

कानसेन गाडी चालवतो तेव्हा आवाज येत नाही, ही गोष्ट मला कधीची सलत होती. मी चालवली की येतो. आम्हा दोघांत फरक काय? वजनाचा. तो अठ्ठावन्न किलो, मी चौऱ्याऐंशी. फरक सव्वीस किलोंचा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, ही माझ्या माहितीतली जगातली सगळ्यांत प्रामाणिक गोष्ट. तेव्हा कॅनमध्ये मोजून सव्वीस लिटर पाणी भरलं, शेजारच्या सीटवर ठेवलं आणि त्याला पट्टा लावला. कानसेनला म्हटलं, आता तू मी आहेस. जा.

मी चढाच्या मधोमध उभा राहिलो. गाडी आली, समोरून गेली, वर पोचली. एकही खडा वाजला नाही.

मग पाणी उतरवून मी एकटा गेलो आणि कानसेन मधोमध उभा राहिला. वर जाऊन थांबलो तर तो धापा टाकत मागून आला. "वाजले, साहेब. खालपासून वरपर्यंत."

"म्हणजे वजनाचा प्रश्न नाही," मी म्हणालो. "गाडी माणूस ओळखते. मालकापाशीच मन मोकळं करते."

त्यानं डोळे मिटले. स्क्रू-ड्रायव्हर हातात नसतानाही मिटले. "साहेब, या चढाला तुम्ही कुठला गिअर घालता?"

"तोच."

"तोच म्हणजे?"

"पाचवा. आणखी कुठला?"

"मी तिसऱ्यात गेलो होतो," तो सावकाश म्हणाला. "हे बघा, तुम्हाला कुणी पाठीवर पोतं देऊन एकेका ढांगेत तीन तीन पायऱ्या चढायला लावलं तर गुडघे वाजतील की नाही? तसं होतंय तिचं. एक-एक पायरी चढू द्या तिला. चढ आला की खालचा गिअर टाका. इतकंच औषध आहे."

"चढावर गिअरला हात लावायचा नाही, हा माझा नियम आहे."

"का?"

"नियम आहे."

त्यानं फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, "मग एक करा. एकदा दुसऱ्या कुणाला चालवायला देऊन बघा."

"आमच्या घरात दुसरं आहे कोण?"

त्याला पुन्हा तो खोकला आला.

रविवार, १७ फेब्रुवारी

काल वही उघडली नाही. आज उघडली आहे तर खरं लिहितो. गाडीची वही असली तरी.

तीन वर्षांपूर्वी आम्ही ताईकडे निघालो होतो. घाटात, तिसऱ्या वळणावर, पुढचा ट्रक एकदम रेंगाळला. मी तिसऱ्यातून दुसऱ्यात घ्यायला गेलो आणि दुसरा पडलाच नाही. दांडा नुसता हातात खुळखुळला. गाडी मागे यायला लागली. ब्रेक दाबायच्या ऐवजी मी दांड्याशीच झुंजत बसलो. मागे बस होती. तिचा हॉर्न अजून माझ्या कानात आहे. हिनं हँडब्रेक ओढला. दोन्ही हातांनी. मागच्या बसचं नाक आमच्यापासून वीतभर राहिलं होतं.

बसचा ड्रायव्हर उतरला. मला वाटलं, आता शिव्या देईल. त्यानं फक्त दार उघडलं, "सरका, काका," म्हणाला आणि आमची गाडी घाटमाथ्यावर नेऊन लावली. एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी घाटात गेलेलो नाही. चढावर गिअरला हात लावलेला नाही. ताईच बसनं आमच्याकडे यायची. गेल्या खेपेला उतरताना तिनं बसच्या पायऱ्या पायानं चाचपून मोजल्या, ते मी पाहिलं. ऑक्टोबरात गाडीत टकटक सुरू झाली तेव्हा मला, आता लपवून काय करू, बरं वाटलं होतं. कुणी विचारलं तर सांगायला कारण मिळालं होतं.

आज जेवताना हिनं विचारलं, "बुधवारी किती वाजता निघायचं?"

मी म्हणालो, "आवाजाचं काही खरं दिसत नाही."

 भांडी उचलताना तिनं ती एकावर एक जरा जोरात ठेवली.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

हिला स्पष्ट सांगून टाकलं. गाडी घाटासाठी सुरक्षित नाही, उगाच जिवाशी खेळ नको. ताईसाठी तिकडूनच भाड्याची गाडी करू. मी सगळं ठरवून देतो.

"अनोळखी ड्रायव्हरबरोबर? तिला समोरचा माणूस दिसत नाही."

"मग दुसरा काय उपाय आहे?"

"बरं," ती म्हणाली.

बुधवार, २० फेब्रुवारी

लिहायला बसलो आहे, पण सुरुवात कुठून करावी?

सकाळी नेहमीसारखा फिरायला निघालो. मन लागेना. ताई दाराशी पिशवी घेऊन बसली असेल आणि भलत्याच माणसाची गाडी येईल, हे सारखं डोळ्यांपुढे येत होतं. चौकातूनच मागे फिरलो. ठरवलं होतं, हिला म्हणावं, चल, जाऊ आपण, होईल ते होईल. खरंच ठरवलं होतं. कुणी विश्वास ठेवो न ठेवो.

फाटकाशी येतो तर आमची गाडी चालू. दिवे लागलेले. चालकाच्या जागी ही. पाठीशी उशी घेऊन, सीट चार बोटं पुढे ओढून, हात वर करून मधला आरसा खाली झुकवत होती.

मी तसाच उभा राहिलो. चौदा किलोमीटर, एकवीस किलोमीटर, कोमट बॉनेट, सगळं एकदम अंगावर आलं.

हिनं काच खाली केली. "आलात? बसा. नाहीतर बाजूला तरी व्हा, मला मागे घ्यायचीय."

मी बसलो. पाण्याच्या कॅनच्या जागेवर.

"कधीपासून?"

"नोव्हेंबरपासून."

"लायसन्स?"

तिनं पर्स माझ्या मांडीवर टाकली. लायसन्सवर १२ तारीख होती. फोटोत ही दात दाखवून हसत होती. असल्या फोटोत कुणी हसत नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही शिकवायला बसला असतात."

हा आरोप कसा निराधार आहे, हे मी तिला फाटकापासून पोस्टापर्यंत समजावून सांगितलं. मध्येच दोनदा "इंडिकेटर" आणि एकदा "अगं सायकल" म्हणालो असेन. पोस्टाचा चढ आला. हिनं क्लच दाबला, दांडा पुढे सारला, गाडी तिसऱ्यात गेली. इंजिनाचा सूर वर चढला. खडे वाजले नाहीत. मी वाकून कान डॅशबोर्डला लावला.

"सरळ बसा हो," ती म्हणाली. "आरशात तुमचं डोकं येतंय."

घाट सुरू झाला. मी दाराचं हँडल धरून होतो. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. ही वळणाआधी वेग कमी करायची, गिअर उतरवायची, वळणातून बाहेर पडली की पाय द्यायची. ओठ नुसते हलत होते. मोजत होती की काय कोण जाणे. तिसऱ्या वळणावर पुढे ट्रकच होता. मी पाय असे दाबले की माझ्या बाजूला ब्रेक असता तर गाडी जागीच थांबली असती. हिनं दुसरा टाकला. पडला. गाडी चढत राहिली.

तिनं क्षणभर हात माझ्या हातावर ठेवला आणि लगेच उचलून परत गिअरवर नेला. तिथे त्याची गरज जास्त होती.

ताई पायरीवर बसली होती. गाडीचं दार वाजल्याबरोबर म्हणाली, "आलीस? किती वेळा बंद पडली?"

"एकदाही नाही, ताई."

"म्हणजे तुम्हालाही माहीत होतं?" मी विचारलं.

"जावईबुवा, अहो, शिक म्हणून मीच सांगितलं तिला. डोळे गेलेत माझे, डोकं नाही. तीन वर्षं तुमच्या गाडीला काही ना काही होतंयच. कधी टायर, कधी बॅटरी, आता आवाज. म्हटलं, गाडी बरी व्हायची वाट बघत बसले तर मी आंधळीच मरेन."

यावर मी ताईची पेटी उचलून डिकीत ठेवली.

निघताना ही गाडीपाशी आली आणि एकाएकी पोटरी धरून उभी राहिली. "अहो, पायात गोळा आला बघा. क्लचची सवय नाही ना एवढी. परतताना तुम्हीच घ्या."

"मी?"

"मग काय ताई चालवणार?"

बिचारी लंगडत लंगडत जाऊन शेजारच्या सीटवर बसली. माझा इलाजच नव्हता.

पलीकडून घाट जास्त उभा आहे. पायथ्याला मी चौथ्यात होतो, आणि बोलण्याच्या नादात, सवयीनं, पाचवा पडला. चढ लागला. पाय दाबला. आणि खडे वाजायला लागले.

 ही खिडकीबाहेर बघत होती. गाडी दमत चालली होती, खडे मोठे मोठे होत होते. मागे कुणाचा तरी हॉर्न वाजला.

मागून ताई म्हणाली, "कुणी दार वाजवतंय का गं?"

"वाजवतंय खरं," ही म्हणाली.

"मग उघडा की कुणीतरी."

मी क्लच दाबला. पाचव्यातून दांडा काढला. दोन गिअरांच्या मधे एक क्षण असा असतो, तेव्हा गाडी कुणाचीच नसते. इंजिनाचीही नाही आणि आपलीही नाही. मी तीन वर्षं त्या क्षणाला भ्यायलो होतो. क्षण केवढा, तर पापणी लवण्याएवढा. तिसरा पडला. सोडला क्लच. गाडीनं एक हिसका दिला, सूर चढवला आणि निमूट वर निघाली.

आवाज बंद.

"गेलं वाटतं," ताई म्हणाली.

त्यानंतर माथ्यापर्यंत मी गिअर अकरा वेळा बदलला. त्यातल्या चार वेळा तशी गरज नव्हती, असं ही म्हणाली. तिसरं वळण आता या बाजूनं उतारावर होतं. तिथे मी हॉर्न वाजवला. समोर कुणी नव्हतं.

घरी पोचल्यावर एक गोष्ट लक्षात आली, ती लिहून ठेवतो. हिनं ताईची पेटी उचलली आणि दोन मजले भराभरा चढून गेली. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात ताईचा हात. लंगडण्याचं नाव नाही. गोळा असा अचानक येतो आणि अचानक जातो, हे वैद्यकीयदृष्ट्या शक्य असावं. तरी उद्या इस्पितळात जाणारच आहोत, तर डॉक्टरांना विचारून घेईन.

शनिवार, २३ फेब्रुवारी

ऑपरेशन उत्तम झालं. काल पट्टी काढली. ताईनं आधी आपले हात पाहिले, उलटे-सुलटे. मग हिच्याकडे खूप वेळ बघत राहिली. दोघींनी एकमेकींच्या गालाला हात लावले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं बाई, जावईबुवा केवढे पिकलेत!"

पायाच्या गोळ्याबद्दल डॉक्टरांना विचारणार होतो. हिनं मला कोपर मारलं.

आज सकाळी कानसेन फाटकाशी थांबला. "साहेब, आवाज?"

"गेला."

"कशानं गेला?"

"काजळी होती," मी म्हणालो. "निघाली."

"हो," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "काजळीच होती ती." या खेपेला खोकला नाही. बरा झालेला दिसतो.

संध्याकाळी ताई म्हणाली, तीन वर्षांत रस्ता धड पाहिलेला नाही, जरा हिंडवून आणा. मी चपला घालायला गेलो, तोवर दोघी खाली उतरल्यासुद्धा होत्या. हिनं काच खाली करून सांगितलं, "तुम्ही थांबा हो. आम्हा बहिणींना जरा बोलायचंय."

मी फाटकाशी उभा राहून ऐकलं. कोपऱ्यावर दुसरा. पोस्टाचा चढ लागला. मग तिसरा. सूर स्वच्छ होता, आत काही वाजत नव्हतं. गाडी दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ ऐकू येत होती.

तिसरा तिनं किंचित लवकर घातला. पण हे मी तिला सांगणार नाही.